अमेरिकेचा संघ आणि अमेरिकेचे दार

५ डिसेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टनमधील केनेडी सेंटर या कलामंदिरात २०२६ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या गटवारीची सोडत निघाली. सोडत म्हणजे चिठ्ठ्या उचलण्याचे काम. त्यात पाहण्यासारखे फारसे काही नसते. परंतु त्या दिवशी चिठ्ठ्यांपूर्वी आणखी एक विधी पार पडला. ‘फिफा’ या जागतिक फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष जियानी इन्फान्तिनो यांनी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना शांततेचा पुरस्कार अर्पण केला. हा पुरस्कार संघटनेने अवघ्या महिन्यापूर्वी जाहीर केला होता आणि ट्रम्प हे त्याचे पहिले मानकरी. सोबतचे पदक त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःच्या गळ्यात घातले.

हा समारंभ पाहताना ज्यांना हसू आले त्यांना दोष देता येणार नाही. मला मात्र हसू आले नाही. खेळाडूने सदऱ्याखालच्या गंजीवर एखादे राजकीय वाक्य लिहिले तरी नियमभंग मानणारी ही संघटना. खेळ आणि राजकारण यांची गल्लत करू नये, हे तिचे जुने सोवळे. परंतु सोवळ्याचे नियम पंगतीत बसणाऱ्यांसाठी असतात, यजमानासाठी नसतात, हे त्या संध्याकाळी जगाला दिसले. राजकारण खेळात आले याचे मला दुःख नाही. ते नेहमीच तेथे होते. दुःख याचे आहे, की ज्या संघाच्या अंगणात हा सोहळा झाला त्या संघाचा इतिहास त्या सभागृहात कोणाला आठवलेला दिसला नाही.

प्रस्तुत लेखक १९९४ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा चाहता आहे. मी शाळेत शिकवीत असताना माझे विद्यार्थी ब्राझीलचे असत, अर्जेंटिनाचे असत, एखादा चोखंदळ मुलगा हॉलंडचा असे. अमेरिकेचा मी एकटाच. मित्रमंडळींना वाटे, मास्तरांना डॉलरची भूल पडली. वस्तुतः कारण अगदी उलट होते. सर्व क्षेत्रांत दांडगाई करणारा हा देश या एका खेळात दुबळा होता, आणि दुबळ्याची बाजू घेण्याची मला खोड आहे. पुढे या संघाची माणसे कोठून आली हे वाचू लागलो, तेव्हा त्या आवडीला वेगळाच अर्थ आला.

सुरुवात २९ जून १९५० पासून केली पाहिजे. ब्राझीलमधील बेलो ओरिझॉन्ते या शहरी अमेरिका आणि इंग्लंड समोरासमोर आले. इंग्लंडच्या संघात बिली राइट, टॉम फिनी, स्टॅन मॉर्टेन्सन, आल्फ रॅम्से अशी एकाहून एक मोठी नावे. स्टॅन्ली मॅथ्यूज यांना तर गरज नाही म्हणून विश्रांती दिलेली. अमेरिकेकडून खेळण्यास उतरलेले लोक कोण होते? वॉल्टर बार हे फिलाडेल्फियात शाळामास्तर. हॅरी किओ टपाल वाटणारे. गोलरक्षक फ्रँक बोर्गी प्रेतवाहिका चालवीत. मध्यंतरास सात-आठ मिनिटे उरली असताना बार यांनी दुरून चेंडू मारला आणि मधे झेपावलेल्या जो गेटजेन्स या आघाडीवीराने तो डोक्याने जाळ्यात वळविला. इंग्लंडला त्या गोलची फेड अखेरपर्यंत करता आली नाही. सामना १-० असा संपला आणि ब्राझीलच्या प्रेक्षकांनी गेटजेन्सला खांद्यावर घेतले. या सामन्यास अमेरिकेहून एकच वार्ताहर आला होता, तोही रजा काढून व पदरमोड करून.

(आपला देशही त्या स्पर्धेस पात्र ठरला होता, परंतु गेला नाही. अनवाणी खेळू देत नाहीत म्हणून आपण गेलो नाही, ही कथा आपण मुलांना मोठ्या कौतुकाने सांगतो. खुद्द कर्णधार सैलेन मन्ना यांनी पुढे सांगितले, की आपल्या संघटनेला त्या स्पर्धेचे महत्त्वच वाटले नव्हते. विषयांतर झाले, परंतु ही सल जाता जात नाही.)

गेटजेन्स हा अमेरिकेचा नागरिक नव्हता. हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स येथे जन्मलेला हा तरुण हिशेबशास्त्र शिकण्यासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आला होता आणि पोटासाठी एका उपाहारगृहात भांडी विसळीत असे. नागरिक होण्याचा इरादा जाहीर केला की संघात खेळता येई, असा त्या वेळचा नियम होता. त्या दिवशी कर्णधारपद सांभाळणारे एड मॅकइल्व्हेनी हे स्कॉटलंडचे. बचावफळीतील जो माका बेल्जियमचे. त्यांच्याही हाती तेव्हा अमेरिकेचे नागरिकत्व नव्हते. अमेरिकेच्या फुटबॉलमधील सर्वांत प्रसिद्ध गोल असा एका परक्याने केला आहे, आणि त्या दिवशीच्या संघाचा नायकही परकाच होता.

गेटजेन्स पुढे अमेरिकन झालाच नाही. तो मायदेशी परतला, संसार थाटला, कपडे धुण्याचा व्यवसाय काढला. १९५७ साली हैतीत फ्रान्स्वा दुव्हालिए सत्तेवर आला आणि १९६४ च्या जूनमध्ये त्याने स्वतःस तहहयात अध्यक्ष करून घेतले. गेटजेन्सचे घराणे निवडणुकीत दुव्हालिएच्या प्रतिस्पर्ध्याच्या बाजूचे होते, त्याचे धाकटे भाऊ परदेशातून हुकूमशहाविरुद्ध खटपटी करीत होते. घरची माणसे देश सोडून गेली; जो मात्र राहिला. आपण खेळाडू, आपल्याला राजकारणाशी काय करावयाचे आहे, आपल्या वाटेस कोण जाणार, असा त्याचा विश्वास होता. ८ जुलै १९६४ रोजी दुव्हालिएच्या गुप्त पोलिसांनी त्याला त्याच्या दुकानातून उचलून नेले. त्यानंतर तो कोणास दिसला नाही. त्याचे प्रेतही मिळाले नाही. खेळाने राजकारणापासून दूर राहावे असे कोणी म्हणू लागले, की मला हा माणूस आठवतो. तो दूरच राहिला होता.

१९५० नंतर अमेरिकेचा संघ चाळीस वर्षे विश्वचषकात दिसलाच नाही. १९९० मध्ये तो परतला. त्या काळात या खेळाकडे तेथील राजकारणी कसे पाहत हे सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा त्यांचा स्वतःचा खेळ. आपल्या फुटबॉलला ते सॉकर म्हणतात. १९८६ साली जॅक केम्प हे प्रतिनिधीगृहाचे सभासद, स्वतः त्या अमेरिकन फुटबॉलचे नामांकित खेळाडू, भर सभागृहात म्हणाले, की आपला फुटबॉल हा लोकशाहीचा व भांडवलशाहीचा खेळ आहे आणि सॉकर हा युरोपीय समाजवाद्यांचा. बोलणे काहीसे विनोदाचे होते. परंतु २०१४ मध्ये अॅन कोल्टर या उजव्या विचारांच्या लेखिकेने जेव्हा लिहिले, की ज्याचा पणजोबा अमेरिकेत जन्मला असा एकही माणूस सॉकर पाहत नाही, तेव्हा त्या विनोदाखालची भीती उघडी पडली. आक्षेप चेंडूला नव्हताच. चेंडूबरोबर आलेल्या माणसांना होता.

ही भीती मैदानावर कशी उतरते याचे एक उदाहरण. १५ फेब्रुवारी १९९८ रोजी लॉस एंजेलिसच्या कोलिझियम मैदानावर अमेरिका व मेक्सिको यांच्यात गोल्ड कपचा अंतिम सामना झाला. ९१,२५५ प्रेक्षक होते आणि त्यांतले बहुसंख्य मेक्सिकोचे पाठीराखे. यजमानांच्या राष्ट्रगीताला हुर्यो मिळाली. खेळाडूंवर पेले व कचरा फेकला गेला. अमेरिका आपल्याच गावात पाहुणी होऊन १-० अशी हरली. अमेरिकेचा चाहता म्हणून त्या प्रसंगाचा मला संताप आला होता आणि त्या वागण्याचे समर्थन मी आजही करणार नाही. परंतु चार वर्षांपूर्वी, १९९४ च्या नोव्हेंबरात, त्याच कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी बेकायदा आलेल्या लोकांना व त्यांच्या मुलांना सरकारी शाळा आणि दवाखाने बंद करणारा प्रस्ताव बहुमताने संमत केला होता. पुढे न्यायालयाने तो अडविला, ही गोष्ट वेगळी. ज्यांना शाळेच्या फाटकाशी तुम्ही इथले नव्हेत असे बजावले जाते, ते मैदानात जाऊन तुमच्या ध्वजासाठी टाळ्या वाजवतील, ही अपेक्षा भाबडी होती. वड्याचे तेल वांग्यावर निघाले.

यावर अमेरिकन संघटनेने तोडगा शोधला तो मोठा मासलेवाईक. मेक्सिकोविरुद्धचे पात्रता सामने तिने दूर उत्तरेकडे, ओहायो राज्यातील कोलंबस येथे ठेवले. मैदान लहान, थंडी कडाक्याची आणि प्रेक्षक आपले. हा डाव साधला. २००१, २००५, २००९ व २०१३ या चारही वेळा निकाल तोच : अमेरिका २, मेक्सिको ०. पुढे ‘दोस अ सेरो’, म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘दोन-शून्य’, ही अमेरिकन पाठीराख्यांची आरोळीच होऊन बसली. आरोळी अमेरिकेची, भाषा मेक्सिकोची. ही गंमत आरोळी ठोकणाऱ्यांच्या ध्यानात आली होती की नाही, कोण जाणे.

पाचवा सामना ११ नोव्हेंबर २०१६ रोजी ठरलेला होता. त्याच्या तीनच दिवस आधी, मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधू म्हणणारे ट्रम्प निवडून आले होते. मैदानात भिंतीच्या घोषणा होणार, अशी धास्ती सर्वांनाच होती. अमेरिकेचे कर्णधार मायकेल ब्रॅडली यांनी प्रेक्षकांस आधीच विनविले होते, की आलेल्या प्रत्येकाचा मान राखावा. आपल्याकडे शनिवारची पहाट होती. सामन्यापूर्वी दोन्ही संघ छायाचित्रासाठी वेगवेगळे उभे राहतात. त्या दिवशी ते एकत्र, खांद्याला खांदा लावून उभे राहिले. सामना मेक्सिकोने २-१ असा जिंकला. राफाएल मार्केस यांनी शेवटच्या मिनिटाला डोक्याने मारलेला तो गोल मला अजून झोंबतो. माझा संघ हरला, कोलंबसचा किल्ला पडला; तरी त्या संघाचा चाहता असल्याचा अभिमान मला त्या पहाटेइतका क्वचितच वाटला असेल.

असे छायाचित्र मी त्यापूर्वी एकदाच पाहिले होते. २१ जून १९९८ रोजी फ्रान्समधील ल्याँ येथे अमेरिका व इराण यांची गाठ पडली. १९८० पासून दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध तुटलेले. इराणमध्ये अमेरिकेचे काम स्वित्झर्लंड पाहते, आणि योगायोग असा, की सामन्याचे पंचही स्विस होते. इराणी खेळाडू हातात पांढरी फुले घेऊन आले. दोन्ही संघ एकमेकांत मिसळून उभे राहिले आणि छायाचित्र निघाले. इराणने २-१ असा विजय मिळविला. दीड वर्षानंतर इराणचा संघ कॅलिफोर्नियात येऊन एक मैत्रीचा सामना खेळून गेला. दूतावास वीस वर्षांत जे करू शकले नव्हते त्याची निदान सुरुवात फुलांनी केली. ती टिकली नाही, हे खरे आहे.

आता संघाच्या रचनेकडे वळतो, कारण मला जे म्हणावयाचे आहे त्याचा गाभा तेथे आहे. २०१४ च्या विश्वचषकात घानाविरुद्ध शहाऐंशीव्या मिनिटाला विजयी गोल करणारा जॉन ब्रुक्स हा बर्लिनमध्ये जन्मलेला. त्याच संघातील जर्मेन जोन्स, फॅबियन जॉन्सन, टिमथी चँडलर हेही जर्मनीचे. चौघांचेही वडील अमेरिकन सैनिक, आया जर्मन. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने जर्मनीत फौजा ठेवल्या. त्या धोरणाचे हे एक अनपेक्षित फळ. २०२२ मध्ये वेल्सविरुद्ध गोल करणारा टिम वेआ न्यूयॉर्कमध्ये जन्मला. त्याचे वडील जॉर्ज वेआ हे एके काळचे जगातील सर्वोत्तम खेळाडू आणि २०१८ ते २०२४ या काळात लायबेरियाचे अध्यक्ष. लायबेरिया हा देश मुळात अमेरिकेतून गेलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी वसविला. राजधानीचे मन्रोव्हिया हे नाव अमेरिकेचे अध्यक्ष मन्रो यांच्यावरून. तेथून एक घराणे उलट पावली ब्रुकलिनला येते आणि त्याचा मुलगा अमेरिकेसाठी गोल करतो. अमेरिकेने जगात जे जे पेरले, चांगले आणि वाईटही, ते या अकरा जणांत उगवून आलेले दिसते. आपल्याकडे २००८ पासून भारतीय पारपत्र असल्याखेरीज भारताकडून खेळता येत नाही. त्या नियमाची कारणे मी समजू शकतो, परंतु त्यांचा संघ पाहताना मनात तुलना येतेच.

आणि फोलारिन बालोगन. २०२३ साली याने इंग्लंड सोडून अमेरिकेची निवड केली, तेव्हा अमेरिकन पाठीराख्यांनी दिवाळी केली, कारण असा आघाडीवीर त्यांना वर्षानुवर्षे मिळाला नव्हता. त्याचे आई-वडील मूळचे नायजेरियाचे, राहणारे लंडनचे. २००१ साली ते पाहुणे म्हणून न्यूयॉर्कला आले असता त्याचा जन्म झाला; वाढला तो लंडनमध्ये. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला तो अमेरिकन, असे तेथील राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती १८६८ पासून सांगत आली आहे, आणि त्या आधारावरच बालोगन अमेरिकेचा झाला. २० जानेवारी २०२५ रोजी, पुन्हा सत्तेवर येताच त्याच दिवशी, ट्रम्प यांनी आदेश काढला, की आई तात्पुरत्या परवान्यावर आलेली असेल आणि वडील नागरिक वा कायमचे रहिवासी नसतील, तर मुलाला जन्माने नागरिकत्व मिळणार नाही. आदेश अंमलात येण्यापूर्वीच न्यायालयांनी तो रोखला. परंतु २००१ साली असा आदेश लागू असता तर नऊ क्रमांकाचा हा खेळाडू अमेरिकेला मिळाला नसता, एवढे गणित कोणीही करू शकेल.

हा आदेश आपल्यापासून फार दूरचा नाही. माझा भाचा न्यू जर्सीत एच-वन-बी परवान्यावर नोकरी करतो. पुण्या-मुंबईची, नाशिक-नागपूरची अशी कितीतरी घरे तेथे आहेत. मुले तेथेच जन्मतात, शनिवारी सकाळी गुडघ्यापर्यंत मोजे ओढून सॉकर खेळावयास जातात. हा परवाना तात्पुरता, म्हणून त्या आदेशाच्या कक्षेत ही घरेही येत होती. आदेश फक्त पुढे जन्मणाऱ्या मुलांसाठी होता. जानेवारीतच भाच्याचा दूरध्वनी आला. “मामा, आमची चिमी आधी जन्मली म्हणून सुटली,” तो म्हणाला. ‘सुटली’ हा शब्द त्याला सहज सुचला होता, आणि त्यानंतर आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प होतो.

कोणी म्हणेल, आपल्या देशात कोणी यावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक सरकारला आहे. आहेच. बेकायदा प्रवेश रोखण्यात गैर काय, असेही विचारता येईल आणि तो प्रश्न रास्त आहे. एवढेच नव्हे, तर राजकीय सत्तेने खेळात हात घातला की वाईटच होते, असेही मी म्हणणार नाही. २०१५ च्या मे महिन्यात झुरिकच्या हॉटेलात पहाटे फिफाच्या अधिकाऱ्यांना पकडले गेले, ते अमेरिकेच्या न्याय खात्याने लाचखोरीचे आरोप ठेवले म्हणून. फिफाने स्वतः होऊन ते कधी केले असते असे वाटत नाही. माझी तक्रार एका दुटप्पीपणाविषयी आहे. २०१६ साली महिला संघातील मेगन रॅपिनो यांनी कृष्णवर्णीयांवरील अन्यायाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला. त्यानंतर २०१७ मध्ये संघटनेने नियमच केला, की राष्ट्रगीताला उभे राहिलेच पाहिजे. तो मागे घेण्यास २०२० चा जून उजाडला. गुडघा टेकणे हे राजकारण, आणि सत्ताधीशाच्या हाती सुवर्णपदक ठेवणे हे सौजन्य! खेळाडू बोलला की खेळ बाटतो, अध्यक्ष बोलले की खेळ पावन होतो. त्याच रॅपिनो आणि त्यांच्या सहकारिणी पुरुषांइतक्या वेतनासाठी न्यायालयात गेल्या आणि २०२२ मध्ये अडीच कोटी डॉलरच्या आसपास तडजोड पदरात पाडून घेतली, तेव्हाही अनेकांनी नाके मुरडली होती. त्या स्त्रियांनी तोवर चार विश्वचषक जिंकले होते. पुरुष संघाने एकही नाही.

२०२५ च्या जूनमध्ये निघालेल्या दुसऱ्या एका फर्मानाने बारा देशांच्या नागरिकांना अमेरिकेचे दार बंद केले. त्यांत इराण होता आणि हैतीही होता. विश्वचषकासाठी येणारे खेळाडू, मार्गदर्शक व त्यांचे निकटचे नातेवाईक यांना सूट देण्यात आली, पाठीराख्यांना नाही. म्हणजे खेळणाऱ्याने यावे, टाळ्या वाजविणाऱ्याने घरी बसावे. त्याच वर्षी १८ नोव्हेंबर रोजी हैतीचा संघ १९७४ नंतर प्रथमच विश्वचषकास पात्र ठरला. तो निर्णायक सामनाही त्याला कुरासाव या परक्या बेटावर खेळावा लागला, कारण पोर्ट-ओ-प्रिन्स सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात गेलेले होते. ज्यांना स्वतःच्या शहरात आपला संघ पाहता आला नाही, त्यांना तो अमेरिकेत जाऊनही पाहता येऊ नये अशी ही तजवीज.

वॉशिंग्टनच्या त्या सोडतीत हैतीच्या नावाची चिठ्ठी ब्राझीलच्या गटात निघाली. जाहीर झालेल्या कार्यक्रमपत्रिकेत त्या दोघांच्या सामन्यासाठी १९ जून २०२६ ही तारीख आणि फिलाडेल्फिया हे शहर दिलेले आहे. वॉल्टर बार त्याच शहरात शाळेत शिकवीत असत. त्यांनी मारलेल्या चेंडूला डोके लावणाऱ्या हैतीयन मुलाचे नाव १९७६ पासून अमेरिकेच्या फुटबॉल कीर्तिमंदिरात आहे.